तिसऱ्या घंटेनंतरचं नाव

अन्याय झाला तो रंगभूषाकार हसनभाई तांबोळी यांच्यावर. कधी झाला, तेही नेमकं सांगते. सरांचं जुनं नाटक नव्या संचात पुन्हा रंगमंचावर आलं, त्या शुभारंभाच्या प्रयोगाला, रविवारी संध्याकाळी, तिसरी घंटा होऊन अंधार झाल्यावर आणि पडदा उघडायच्या आधी. त्या मिनिटभरात स्पीकरवरून नावं घेतली जातात. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा. हसनभाई नेहमीसारखे विंगेत उभे होते. एका हातात मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमची बाटली, दुसऱ्या हातात तिचं झाकण. आपलं नाव कानावर पडलं की ‘चला’ म्हणायचं आणि झाकण लावायचं, ही त्यांची तीसेक वर्षांची सवय. त्या दिवशी रंगभूषेला सिनेमातल्या कुणा बड्या माणसाचं नाव आलं. हा माणूस तालमीला एकदाच आला होता, फोटो काढून गेला होता. पडदा उघडला. झाकण हातातच राहिलं.

सर म्हणजे कोण, ते मी लिहिणार नाही. घाबरून नव्हे, पत्रकांवर मी याहून मोठी नावं छापली आहेत. पण सरांचं नाव आलं की हा लेख सरांचा होईल, आजवर सगळे होत आले तसा. इतकंच ओळखा की नट म्हणून ते मोठे आहेत आणि नम्र म्हणून त्याहून मोठे. पहिल्या एंट्रीआधी रंगभूषाकाराच्या पाया पडणारा नट, अशी त्यांची ख्याती. त्याचे फोटो तुम्ही याच पुरवणीत पाहिले असतील.

हसनभाई गेल्याचं मला विश्रांतवाडीच्या बसमध्ये कळलं. मी त्यांच्याकडेच निघाले होते. पिशवीत सरांना द्यायचं पत्र होतं, ‘घोषणेत माझे नाव पूर्ववत घ्यावे’ एवढ्या एका मागणीचं. त्यावर त्यांची सही हवी होती. आदल्या दिवशी फोनवर म्हणाले होते, “ये, चहा पिऊन जा, सहीचं बघू.” त्यांच्या पत्नी शकिलाचाचींचा फोन आला तेव्हा बस सिग्नलला थांबली होती. “बेटा, ते उठलेच नाहीत,” एवढंच त्या बोलल्या.

आमची ओळख मिशीची. कॉलेजच्या एकांकिकेत मी हवालदार झाले होते. हसनभाई मुलांना चेहरे रंगवून द्यायला आले होते. माझ्या ओठावर ब्रश फिरवत म्हणाले, “हसू नको, नाहीतर हवालदार फाटेल.” मी हसले, मिशी सुटली, आणि माझी रंगभूमीची कारकीर्द तिथंच संपली. पुढे पडद्यामागच्या कामगारांसाठी पत्रकं लिहायला लागले, तेव्हा पुन्हा त्यांच्यापाशी जाऊन बसू लागले. ते मला पत्रकवाली म्हणायचे. त्यांचं काम मी तासन्‌तास पाहिलं आहे. बारीक जाळीवर एकेक केस सुईनं गाठ मारून ओवायचा. एका मिशीला आठवडा. सरांच्या त्या नाटकात नायक तिशीतून सत्तरीत जातो. त्यासाठी तीन मिशा होत्या, काळी, करडी आणि पांढरी. दोन प्रवेशांमधल्या अंधारात एक काढून दुसरी लावायची, आणि दिवे आले की म्हातारा झालेला नायक पाहून अख्खं प्रेक्षागृह टाळ्या वाजवायचं. त्या टाळ्या पडत तेव्हा सरांनी अजून एक शब्दही उच्चारलेला नसे. मग त्या टाळ्या कुणाच्या, हे हसनभाईंना विचारलं, तर म्हणाले, “अंधाराच्या.”

आता माझी चूक. या क्षेत्रातल्या दुसऱ्या एक बड्या नटी, त्यांना नुसतं बाई म्हणतात, फार उद्धट म्हणून प्रसिद्ध. सही मागणाऱ्याला हाकलतात, प्रेक्षकांत फोन वाजला तर प्रयोग थांबवून सगळ्यांदेखत झाडतात. हसनभाई त्यांच्याकडेही काम करायचे. एकदा माझ्यासमोर केसांचा टोप बसवून घेताना त्या आरशातूनच ओरडल्या, “अहो हसनभाई, हा टोप आहे की सुगरणीचं घरटं?”

“बाई, मान स्थिर ठेवलीत तर टोप दिसेल. सध्या घरटंच आहे, वाऱ्यात हलतंय.”

“जीभ फार लांब झालीय तुमची!”

“तुमच्याच खोलीत बसतो ना.”

मला वाटलं, हाच तो शोषणाचा पुरावा. रात्रीत पत्रक लिहिलं, त्यात बाईंना झोडपलं आणि शेवटी लिहिलं, ‘सरांची नम्रता यांनी जरा शिकावी.’ मोठ्या अभिमानानं पहिली प्रत हसनभाईंना दिली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, घडी घातली आणि त्याच घडीनं ब्रश पुसला. “कागद बरा आहे,” म्हणाले. मी भडकले, तेव्हा कुठे त्यांनी शुभारंभाच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. त्याला चार महिने झाले होते. चार महिने दर प्रयोगाला ते विंगेत बाटली आणि झाकण घेऊन उभे राहिले होते. आधी त्यांना वाटलं, ध्वनीवाल्याची चूक असेल. मग कळलं, घोषणा नव्यानं ध्वनिमुद्रित केली आहे. आणि आवाज खुद्द सरांचाच.

“मग विचारलं का नाही त्यांना?” मी ओरडलेच.

“कधी विचारू? मी तोंड उघडणार तेवढ्यात ते वाकतात. समोरचा पाया पडला की आपण काय म्हणतो? यशस्वी व्हा, असंच म्हणतो ना? ते म्हणेस्तोवर सर गेलेले असतात एंट्रीला.” मग ब्रश खाली ठेवून म्हणाले, “बाईंशी भांडता येतं गं. त्या दोन बोलतात, मी एक बोलतो, टोप बसतो. सरांचं काय करू? वाकलेल्या माणसाच्या टाळूशी काय बोलायचं? टक्कल पडायला लागलंय, एवढंच दिसतं.”

मला याचा राग आजही आवरत नाही. त्या उत्तरात हसनभाईंचा भिडस्तपणा होता, मान्य. पण त्यांना भीड पडेल अशी सोय कुणी करून ठेवली होती? नमस्कार करून माणसाचं तोंड बंद करता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि सर हे जाणूनबुजून करत होते का? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. कदाचित त्यांना खरोखर वाटत असेल की पाया पडलो म्हणजे सगळं फिटलं. तसं असेल तर ते जास्तच वाईट आहे. बाईंनाही मी सोडलं नाही. माझं पत्रक मागे घेतलं आणि तेवढ्या जोरावर त्यांच्याकडे गेले, की तुम्ही तरी बोला. दारातूनच म्हणाल्या, “माझ्या नाटकात त्यांचं नाव आहे. दुसऱ्याच्या नाटकाचं मला काय विचारतेस? आणि चपला बाहेर काढ.” म्हणजे तिथंही दार बंदच. फक्त ते आपटल्याचा आवाज तरी आला.

शोकसभा नाट्यगृहातच झाली. सर चाळीस मिनिटं बोलले. पहिली भूमिका, पहिला पुरस्कार, आणि प्रत्येक वेळी ‘माझा चेहरा हसनभाईंनी घडवला’. शकिलाचाची पहिल्या रांगेत पदर घट्ट धरून बसल्या होत्या. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “आता लावतील का गं नाव?” मी उठले आणि तेच मोठ्यानं विचारलं. “सर, घोषणेत हसनभाईंचं नाव पुढच्या प्रयोगापासून येणार का?” सभागृह माझ्यावरच उलटलं. ‘श्श्’, ‘वेळप्रसंग पाहा’, ‘कुठं काय बोलावं कळत नाही या पोरींना’... माझ्या मागचे गृहस्थ तर म्हणाले, “अहो, आपण बसून घ्या. आम्हाला पुढचं दिसत नाहीये.” सरांनी डोळे मिटले, हात जोडले, पायऱ्या उतरून खाली आले आणि चाचींच्या पायांवर डोकं ठेवलं. कॅमेरे चमकले. आणि चाचींच्या तोंडून सवयीनं, अगदी नकळत, निघून गेलं, “खुश रहो.” सभा संपली. प्रश्न तसाच राहिला.

परवा त्यांचा चाळिसाव्या दिवसाचा विधी, चाळिसावा, झाला. पाहुणे गेल्यावर चाचींनी हसनभाईंची पेटी उघडून दाखवली. आत पुठ्ठ्यावर टाचलेल्या मिशांच्या रांगा, प्रत्येकीखाली त्यांच्या तिरक्या अक्षरात नटाचं नाव. स्वतःचं नाव पेटीवर कुठेच नाही. स्पिरिट गमची बाटली उघडीच होती, गम सुकून मधासारखा पिवळा दगड झालेला. झाकण शेजारी, वेगळं. शुभारंभानंतर कधीतरी ते लावायचंच सोडून दिलं असणार त्यांनी. दर प्रयोगाला नवी बाटली लागते म्हणून चाची कुरकुरायच्या, कारण मात्र आत्ता कळलं. पुठ्ठ्याच्या मधल्या रांगेत तीन जागा रिकाम्या होत्या. टाचण्यांची भोकं तेवढी शिल्लक.

“सरांचा व्यवस्थापक येऊन घेऊन गेला,” चाची म्हणाल्या. “रविवारी प्रयोग आहे.”

“आणि तुम्ही दिल्यात? नाव लावा, मग न्या, असं म्हणायचं होतं!”

“नाटक अडायला नको, बेटा. ते असते तर स्वतः पोचवून आले असते.”

त्या घरात भांडायला मला तोंड नाही, कारण मी स्वतः ती घोषणा कितीदा ऐकली? तिसरी घंटा व्हायची तेव्हा मी बटाटेवड्याच्या रांगेत असायचे. मग अंधारात लोकांचे पाय तुडवत जागा शोधायची, आणि तोवर नावं होऊन गेलेली असायची. नाव गळलं तरी कुणाला कळणार नाही, हा भरवसा सरांना आपण दिला आहे. मी दिला आहे आणि तुम्हीही.

म्हणून हे मागणं तुमच्याकडे आहे, सरांकडे नाही. या रविवारी त्या नाटकाला जाल, तेव्हा तिसऱ्या घंटेआधी जागेवर बसा. नावं नीट ऐका. रंगभूषेला दुसरंच नाव आलं तर पडदा उघडायच्या आत, अंधारातच, मोठ्यानं विचारा, “हसनभाई तांबोळींचं नाव कुठे आहे?” शेजारचे गप्प बसवतील, बसू नका. त्या तीन मिशांपैकी एक ओठावर लावून सर पुढे येतील, हात जोडतील आणि वाकतील. वाकू द्या. आशीर्वाद देऊ नका, टाळ्या वाजवू नका. ते सरळ उभे राहीपर्यंत थांबा, आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारा.