दादांचा ओके

जुने वाजवणारे कुठे भेटले की विनायकदादांचा एखादा किस्सा निघतोच, आणि तो संपायच्या आत दुसऱ्याला आपला आठवलेला असतो. मी त्यांच्याकडे ढोलकी वाजवायचो.

दादा मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. महाल भागातल्या एका खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून त्यांनी स्टुडिओ केला आणि सावनेर-काटोलकडच्या बायाबापड्यांची गाणी मुंबईच्या कंपनीकडून तबकडीवर आणली. लग्नाच्या मांडवात तीच वाजायची. एक नवरदेव तर अडून बसला, "ते गाणं लावल्याबिगर मी घोड्यावर बसत नाही!"

*

भर मे महिन्यातही रेकॉर्डिंगआधी कूलर बंद. एक गायक घामाघूम होऊन म्हणाला, "दादा, गाणं होईल, पण मी राहीन का?"

दादा म्हणाले, "गाणं राहिलं म्हणजे झालं."

*

अशा माणसाने एकदा कूलर चालू ठेवून अख्खं गाणं घेतलं आणि अंगठा दाखवला, "ओके." टेपमध्ये घरघर स्पष्ट होती. दादांना ऐकू येईनासं झालं होतं; समोरच्याचं बोलणं तेवढं ते ओठांवरून ओळखायचे. कंपनीला कळलं तर स्टुडिओ बंद, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बोललं मात्र कुणी नाही.

*

मग दादा आमच्या चेहऱ्यांवरून गाणं पारखायला लागले. एकदा मला मुंगळा चावला आणि चांगला टेक वाया गेला.

"तोंड काहून वाकडं केलं गा?"

"मुंगळा चावला, दादा."

"पुढच्या खेपेले तोंड सरळ ठेवून चावून घेजो."

*

आणि हा शेवटचा. कुणीतरी चुगली केली आणि कंपनीचे साहेब स्वतः येऊन बसले. गायला कौसल्याबाई. या बाईंनी जन्मात आपली चूक कबूल केलेली नव्हती. साहेबांच्या धास्तीने आमचे चेहरे ताठ झालेले. अंतऱ्यात बाहेर सायकलरिक्षाची घंटी खणखणली. दादांनी अंगठा वर केला, "ओके."

साहेबांची भुवई चढली.

"काय ओके, दादा?" बाई एकदम बोलल्या. "मी दमली म्हणून काहीबी चालवून घेऊन राहिले तुम्ही. माझा सूर उतरला. पुन्हा घ्या."

साहेबांना ते पटलं. दुसरा टेक ऐकून ते खुशीत निघून गेले. दादा मशीन पुसत बसले होते.

"बाई, सूर नव्हता उतरला. उतरला की तुमचा हात कानाकडे जाते." फडकं खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मधात काय वाजलं?"

"रिक्षाची घंटी," बाई म्हणाल्या.