शकुताईच्या चक्कीचा क्लेम

विम्याच्या धंद्यात माणूस कमावतो बेताचंच, पण किस्से मात्र न मागता गोळा होतात. जुन्या फायली भंगारवाला घेऊन जातो, किस्से कोणीच नेत नाही. आणि त्यात नियम बदलला की मग विचारू नका!

आमचं ऑफिस म्हणजे आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या गोरखपुर बाजारातली मामांची एक खोली. मामा जुने विमा एजंट. गिऱ्हाईक म्हणजे छोटे दुकानदार आणि घरमालक. मी लॉ करून त्यांच्याकडे आले, ते सगळी व्यवस्था सुधारायला. मामा मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात, पण त्या साहेबात आदर अजिबात नसतो.

नवा नियम आला की मामा एकेकाला फोन लावतात. ‘भैया, नियम बदल गया है.’

पलीकडून हप्त्याबद्दल एकच प्रश्न येतो, ‘कितना बढ़ा?’

नियम काय आहे, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. आधी मी चिडायचे. आता वाटतं, प्रश्न बरोबरच आहे!

*

एक नियम असा आला की ज्याचा धंदा जितका धोक्याचा, तितका त्याचा दर चढा. दुकानात काय विकता ते नीट लिहून द्या. ऐकायला सोपं आहे. मी गुप्ताजींच्या दुकानात गेले.

गुप्ताजी दिवाळीत फटाके विकतात, संक्रांतीला पतंग, होळीला रंग, शाळा उघडल्या की वह्या. मधल्या काळात प्लास्टिकच्या बादल्या.

‘गुप्ताजी, दुकान किस चीज़ की लिखूँ?’

 त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं.

‘अभी तो राखी लिख लो, बेटा. आगे की आगे देखेंगे!’

*

मग कंपनीने ठरवलं, दुकानात आग विझवायचं लाल सिलिंडर हवंच. तपासायला माणूस येणार. कांचघर भागातली एक अख्खी गल्ली आमच्याच गिऱ्हाइकांची. दुकानामागून दुकान, सगळी खेटून. पूर्ण गल्लीत सिलिंडर एकच!

तपासणीवाला पहिल्या दुकानात बसला, सिलिंडर पाहिलं, खूण केली. तो चहा पीत होता तेवढ्यात सिलिंडर मागच्या दाराने दुसऱ्या दुकानात. तिथून तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी तेच सिलिंडर, त्याच्या पोटावरचा तोच पोचा.  तपासणीवाला लिहितोय, पुढे जातोय.

शेवटच्या दुकानात त्याने स्वतःच्या हातातला चहाचा ग्लास सिलिंडरपुढे ठेवला आणि म्हणाला, ‘पहले इसको पिलाओ. सुबह से चल रहा है बेचारा!’

मामा हसून लोटपोट. मी मात्र गल्लीच्या तोंडावर उभी राहून भाषण केलं. आग लागली तर ती काय चहा पिऊन मग पुढच्या दुकानात जाणार आहे? भाषण संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या कामाला लागले. सिलिंडर विकत घेतलं फक्त एका बाईने.

*

ती बाई शकुताई. तिची पिठाची चक्की त्याच गल्लीत आहे. पुढे चक्की, मागे तिचं घर, वर एकच छप्पर. नवरा गेल्यावर तिने चक्की स्वतः चालवायला घेतली. दगडाला टाकी स्वतः लावते, पट्टा स्वतः चढवते. गल्लीतल्या बायका डबे ठेवून जातात आणि पीठ दळून होईपर्यंत तिथेच गप्पा मारत बसतात. चक्की हीच त्यांची बैठक.

नव्या नियमात घराची पॉलिसी वेगळी आणि धंद्याची वेगळी. मी तिला समजावत होते की घर संपतं कुठे आणि चक्की सुरू होते कुठे, ते ठरवावं लागेल.

‘मधल्या भिंतीपाशी,’ ती म्हणाली.

‘मग मधली भिंत कशात धरायची?’

‘तू काहून इतकं विचारून राहिली? भिंतीला दोन बाजू असतात ना? एक इकडे लिही, एक तिकडे लिही!’

‘आणि मधलं दार?’

शकुताईने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘पोरी, लग्न कर. घर म्हणजे काय ते कळेल तुला!’

*

आणि एका दुपारी चक्कीला खरंच आग लागली. मोटर पेटली, पट्टा जळला, लाकडी फळ्या जळल्या, भिंत काळी झाली. शकुताईने ते लाल सिलिंडर उपसलं आणि अख्खी चक्की पांढरी करून टाकली. घर वाचलं, माणसं वाचली. चक्की बंद पडली. मोटर नवी घ्यायची तर क्लेम मिळायला हवा. नाही मिळाला तर तिला पुढची जागा भाड्याने देऊन मागे बसावं लागणार होतं. जागा मागायला एक मोबाइलवाला दुसऱ्याच दिवशी हजर!

मी तिला फोनवर सांगितलं, ‘ताई, उद्या सर्व्हेअर साहेब नुकसान बघायला येताहेत.’

बस, इतकंच सांगितलं. इथे चुकलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना घेऊन मी पोचले तर दारात रांगोळी! भिंतीला ताजा चुना. फरशी धुतलेली. जळकी एक काडी नाही. शकुताई नवी साडी नेसून पोह्यांची ताटली घेऊन उभी.

साहेबांनी चारी बाजूंना पाहिलं. ‘नुकसान कहाँ है?’

‘साहेब,’ ती कौतुकाने म्हणाली, ‘तुम्ही येणार म्हणून साफ केलं!’

साहेबांनी पोहे खाल्ले, वरून शेव मागून घेतली, आणि लिहिलं, जागेवर नुकसान आढळले नाही.

*

पत्र आलं. नुकसान दिसत नाही, फोटो नाहीत, मोटरचं बिल नाही. सबब दावा बंद.

मामा म्हणाले, ‘चलो, आता काय करणार!’ हे ‘चलो’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. आपली निम्मी माणसं या एका शब्दात हरतात! मी शकुताईला स्कूटीवर बसवलं आणि सिविल लाइंसमधल्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन धडकले.

‘सर, कागद कमी आहेत एवढ्यावरून क्लेम नाकारता येत नाही. नवा नियम आहे,’ मी हिंदीत ठणकावलं.

ऑफिसर शांत. ‘मैडम, वो नियम हमारी ब्रांच में अभी पहुँचा नहीं है.’

‘अच्छा? आणि प्रीमियम वाढवायचा नियम?’

‘वो तो उसी दिन आ गया था.’

शकुताई टेबलापुढे सरकली. ती म्हणाली, ‘क्यों साहब, उसको अलग गाड़ी से भेजते हैं क्या?’

मागे रांगेत उभे असलेले लोक हसले. ऑफिसरला घाम फुटला. मी तिथेच खुर्ची ओढून बसले आणि दुसरा सर्व्हे लिहून मिळेपर्यंत उठले नाही.

*

पण सर्व्हेत दाखवायचं काय? भिंत पांढरी, फरशी चकाचक!

‘ताई, जळकं सामान फेकलंत कुठे?’

‘फेकलं?’ तिला रागच आला. ‘फेकते कशाला? वाटून टाकलं! कोणाच्या तरी कामाला येईल म्हटलं.’

मग परत आलेल्या सर्व्हेअर साहेबांना आम्ही घरोघर फिरवलं. काळी पडलेली फळी एका घरात पलंगाच्या पायाखाली. मोटरचं जळकं धूड लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून. पट्ट्याचा उरलेला तुकडा शेजारच्या दुबेदीदींच्या बकरीच्या गळ्यात. साहेब बकरीचा फोटो काढताना तिला म्हणत होते, ‘इधर देखो, इधर!’ प्रत्येक घरी पोहे झाले, प्रत्येक घरी बाईने आग कशी लागली ते सांगितलं, आणि दर घरी ज्वाला थोडी उंच होत गेली.

शेवटी साहेब वहीत लिहिता लिहिता थांबले आणि त्यांनी बजावलं, ‘क्लेम पास हुआ तो ये जला हुआ सामान कंपनी का हो जाएगा. गाड़ी आएगी लेने. ये भी नियम है.’

‘हा पोचला वाटतं तुमच्या ब्रांचमध्ये!’ मी म्हणाले.

*

क्लेम पास झाला. नवी मोटर बसली. मोबाइलवाला दुसरीकडे गेला. पहिलं दळण गल्लीतल्या सगळ्या घरांचं, त्या दिवशी शकुताईने कोणाकडून काही घेतलं नाही.

आणि एका सकाळी कंपनीचा माणूस खरंच छोटा टेंपो घेऊन आला. मला कंपनीचा आधीच फोन आला होता, तो मी शकुताईला कळवला होता, म्हणून मीही गेले. चक्की सुरू होती, बायका डबे घेऊन बसल्या होत्या, ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

तो माणूस यादी घेऊन गल्लीभर फिरला. पलंगाच्या पायाखाली वीट. लोणच्याच्या बरणीवर पाटा. बकरीच्या गळ्यात नवी कोरी दोरी. घराघरासमोर रांगोळी.

तो परत चक्कीपाशी आला, घाम पुसला आणि ओरडून विचारलं, ‘सामान कहाँ है?’

शकुताईने बटण दाबून चक्की थांबवली.  तिने पदराने हात पुसले, पोह्यांची ताटली त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, ‘साहेब, तुम्ही येणार म्हणून साफ केलं!’