आप्पांचं चित्र आणि झेंडूचा हार

माझं सासर दौंडला आणि माहेर मांडवगण फराट्याला, मध्ये भीमा. मी शाळेत चित्रकला शिकवते. म्हणजे गणिताचे सर रजेवर गेले की त्यांचा वर्ग माझ्या गळ्यात पडतो, आणि परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला जातो. तरी जलरंगात माणसाचं तोंड काढणं हा माझा जुना हट्ट. बाकी फारसं काही धड जमलं नाही, हे तरी जमावं असं वाटायचं.

माझे वडील, आप्पा, विसरायला लागले तेव्हा हा हट्ट पेटला. आधी चष्मा विसरले, मग विहिरीवरच्या मोटारीचं बटण, मग आई गेली आहे हेच. डॉक्टर म्हणाले, आता हे वाढतच जाणार. ते अजून तेच आहेत तोवर मला त्यांचा चेहरा कागदावर हवा होता. भाऊ म्हणाला, "फोटो हायती की मोबाईलमधी." असतील. पण आमच्याकडचा स्टुडिओवाला आधार कार्डावरचं मुंडकं उचलून कोटावर बसवतो. भिंतीवर आई तशीच आहे, जन्मात न नेसलेल्या पैठणीत.

वहिनीला हे पहिल्यापासून पटलं नाही. "ताई, जित्या मानसाचं असलं चित्र काडू न्हाई," ती म्हणाली. "भितीवर गेलं की त्याला हार लागतो."

"भिंतीवर लावणारच नाही," मी म्हटलं, आणि दर रविवारी पडवीत आप्पांना खुर्चीवर बसवू लागले.

पहिल्यांदा थरावर थर देत गेले. पातळ रंगाचा एक हात द्यायचा, तो पुरता सुकू द्यायचा, मग दुसरा. खालचा थर वरच्यातून दिसत राहतो आणि कातडी खरी वाटू लागते. पण या पद्धतीला काढणाऱ्यापेक्षा बसणाऱ्याला जास्त धीर लागतो. थर सुकेपर्यंत आप्पा उठून मोटार चालू करायला निघायचे, आणि त्यांना शोधून आणेपर्यंत उजेड बदललेला असायचा. शेवटी जे तोंड आलं ते इतकं गुळगुळीत, की वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शोभलं असतं.

मग मी कागदच भिजवला आणि ओल्यावर ओला रंग सोडला. रंग आपापले पसरतात, एकमेकांत शिरतात, गाल कुठं संपला आणि सावली कुठं सुरू झाली ते कळत नाही. मला ते फार आवडलं. वहिनी डोकावून म्हणाली, "धुक्यात बसवलं व्हय आप्पांस्नी? डोळं कुठं हायत?" रागच आला, पण तिचं खरं होतं. त्यावर उतारा म्हणून तिसरं चित्र कोरड्या ब्रशनं केलं. ब्रश पिळून, जेमतेम रंग ठेवून खरखरीत कागदावरून ओढायचा. सुरकुत्या एकूण एक आल्या. फक्त त्या कुठल्याही म्हाताऱ्याच्या म्हणून खपल्या असत्या.

तोवर इकडे आप्पा निघून चालले होते. सुरुवातीला म्हणायचे, "आली का चितारीन? काड, पर नाक तेवढं सरळ काड." पुढं पुढं मला आत्या समजायला लागले. मग एका रविवारी मला "बाई" म्हणाले आणि, "च्या घेऊन जावा," म्हणाले. परतताना पुलावर गाडी थांबवून मी रडले. माझ्याकडे चुकलेले तीन कागद होते आणि माणूस हातचा गेला होता.

त्यानंतरच्या रविवारी पेन्सिल घेतलीच नाही. मोठा ब्रश, मोजके रंग आणि एकच बैठक. जलरंगात उजेड रंगवता येत नाही, तो राखावा लागतो. टोपी आणि दाढीचे पांढरे खुंट म्हणजे मी नुसता कोरा कागद सोडला. व्यापारी आमच्या शेतातला झेंडू तोलू लागला की आप्पांची डावी भुवई वर जायची. त्या दिवशी कशानं कोण जाणे, ती तशीच वर गेली आणि मला एका फटक्यात सापडली. गळ्याशी एक ओघळ गेला, तो मी पुसला नाही. ते आप्पाच होते. इतक्या वर्षांत मला असं एकदाच जमलं.

मी चित्राचा पुठ्ठा त्यांच्यापुढं धरला. ते उठले, टोपी नीट केली आणि हात जोडले. "आबा," म्हणाले, "कवा आलात?"

आबा म्हणजे त्यांचे वडील. त्यांना जाऊन जमाना झाला.

आप्पा आत गेले, झेंडूच्या क्रेटपाशी बसले आणि सुईत दोरा ओवला. जन्मभर झेंडू केलेला माणूस, हार ओवायला हात चुकले नाहीत. आईच्या शेजारी खिळा होता, त्याला त्यांनी स्वतः पुठ्ठा टांगला आणि वर हार घातला. वहिनी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. मी ब्रश धूत बसले, दुसरं काय करणार.

तेव्हापासून ते रोज ताजा हार घालतात, आणि फुलं टवटवीत राहावीत म्हणून त्यावर पाण्याचा हबका मारतात. झेंडूवाल्यांची सवयच ती. मी वर्गात सांगत असते, जलरंग सुकला तरी पाणी लागलं की पुन्हा सुटतो, म्हणून चूक ओल्या ब्रशनं उचलता येते. इथं आधी हनुवटी उचलली गेली, मग ओठ. काच लावून आणते म्हटलं, तर ते पुठ्ठ्याला हात लावू देईनात, अंगावर आले. भाऊ म्हणतो, दुसरं काढ. कुणाचं काढू? ती भुवई आता वर जात नाही.

गेल्या रविवारी गेले तेव्हा ते तांब्या घेऊन चित्रापुढं उभे होते. भुवईचा अर्धा फटका तेवढा उरला होता.

"बसा बाई," ते म्हणाले. "आबांस्नी भेटाया आलात न्हवं? लई खंगलेत. तोंड वळखू येईना झालंय."

"मग त्यांच्यावर पाणी नका मारू," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, अडाण्याकडं पाहावं तसं, मायेनं. "पानी न्हाई मारलं तर फुलं सुकत्याल की," म्हणाले, आणि हबका मारला.