उपरण्याखालचा सौदा

लोणावळ्याच्या बाजारातला तो मिस्त्री मोटारीचा भाव कधी तोंडाने बोलत नसे. बैलबाजारातल्यासारखा उपरण्याखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून तो सौदा करी. आमची मोटार विकायची ठरली, तेव्हा मी त्याला लिलावाचं विचारलं.

"न्हाई मावशी, लिलावात दलाल आदीच एक झालेले आसत्यात. गिऱ्हाईक घरी बोलवा."

मुंबईचे एक गृहस्थ बायकोमुलांसह आले. मोटार घेऊन ते तसेच घाट उतरणार होते. मला तुंगार्लीचा बंगला दोन दिवसांत सोडायचा होता. उपरण्याखाली भाव जमला आणि मुलं मागच्या सीटवर चढली. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला. त्याने हात काढून घेतला.

"सायेब, हिचं ब्रेक घाटात धरत न्हाईत."

मंडळी टांग्याने स्टेशनवर गेली.

"गप्प बसायला काय झालं होतं?" मी म्हणाले.

"तुमाला सांगितलं व्हतं न्हवं, मावशी?"

सांगितलं होतं, गेल्याच महिन्यात.

मोटार शेवटी लिलावात निम्म्या भावाला गेली. बोली सुरू होण्याआधी ब्रेकचं मीच उठून सांगितलं.