डाव्या कप्प्यातली पेंड

हे मी कोणालेच सांगितलं नाही. आईलेबी नाही. आता भराभर टाइप करून राहिली, कारण थांबली तर सगळं खोडून टाकीन — मले माहीत आहे ना स्वतःचं.

कळमेश्वर रोडले माझ्या काकाचं कोंबड्यांचं शेड आहे. मी कोंबडीपालनाचा डिप्लोमा करून नवीनच आली होती अन् डोक्यात एकच — एन्झाइम! म्हणजे एक पावडर, खाद्यात मिसळली का कोंबडीले दाणा चांगला पचते. मग महागाची सोया पेंड थोडी कमी केली तरी चालते. थोडी — असंच शिकवलं होतं. मी काकाले सांगितलं, अर्धी करा.

काका हसला. "चिमूटभर पावडरनं कोंबडी भरते काय वं? मग तुलेबी चारतो, कॉलेजात पार वाळून गेली."

लागलं ना मले! शेडात जाळी लावून दोन कप्पे केले. उजव्यात नेहमीचं खाद्य, डाव्यात अर्धी पेंड अन् पावडर. दोन आठवड्यांत डाव्यातले पिल्लं मागं पडले. तुम्ही काय केलं असतं? मी — काका जेवाले गेला का डाव्या कप्प्यात ओंजळभर पेंड टाकून येत होती. रोज.

दोन्ही कप्प्यातल्या कोंबड्या वजनात सारख्या भरल्या. काका एवढा खुश! पुढची अख्खी बॅच त्यानं माझ्या सांगण्यावर केली.

आता हजार कोंबड्यांले ओंजळीनं पेंड कुठून पुरणार?

बॅच वाढलीच नाही. पेंड कमी पडली म्हणून कोंबड्या एकमेकींची पिसं उपटत, रक्त दिसलं का सगळ्या त्या एकीवर तुटून पडत. काका रोज सकाळी टोपलं भरून मेलेल्या काढे. अन् मलेच विचारे, "काहून होऊन राहिलं वं पोरी असं?"

तेव्हाच सांगायचं होतं. अगदी ओठावर होतं — अन् मी काय म्हटलं?

"काका, तुमचा हात थरथरते ना. पावडर नीट मिसळली नसन."

तो हाताकडे पाहतच राहिला.

आता खाद्य काकू मिसळते. काका दारात बसते, हात मांडीखाली दाबून. कोणी शेजारी आला का सांगते, "पोरीचं शिक्षण खरं होतं गा, माझाच हात कामातून गेला."

मी तिथंच असते. चहा पिते.