साप्ताहिक सुट्टीचा दिवस

कुवेतमध्ये आमच्या घरी रविवार शुक्रवारी यायचा.

हवल्लीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी, बायको आणि मुलगी राहत होतो, तेव्हाची गोष्ट. तिकडे त्या काळी सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. खरा रविवार हा कामाचा, मरगळलेला वार. पण रविवारच्या सवयी काही माणूस विमानतळावर सोडून येत नाही. त्यामुळे मटण शुक्रवारी, उशिरा अंघोळ शुक्रवारी, मुलीचं न्हाणं शुक्रवारी आणि दुपारी तिला पोटावर घेऊन माझं घोरणंही शुक्रवारी. मुलगी पाच वर्षांची होती. सकाळी डोळे न उघडताच विचारायची, "बाबा, आज रविवारचा शुक्रवार आहे की नुसताच?"

"रविवारचा," मी म्हणायचो. मग ती कूस बदलून पुन्हा झोपायची.

पुढे याच गमतीपायी मी तिला गमावलं. तेही रीतसर, कोर्टाचा शिक्का मारून.

बायको लग्नाआधी कॉलेजात शिकवायची. कुवेतला ती माझ्या व्हिसावर आली आणि त्या व्हिसावर नोकरी करायची मुभा नव्हती. "पुढच्या वर्षी परत जाऊ," मी तिला म्हणालो. पुढच्या वर्षीही हेच म्हणालो. मी तिला तारखा देत गेलो. नंतर कोर्टाने मला दिल्या, तेव्हा तक्रार करायला मला तोंड राहिलं नव्हतं. एका उन्हाळ्यात ती मुलीला घेऊन माहेरी गेली आणि शाळा सुरू व्हायच्या सुमाराला तिचा फोन आला, "आम्ही येत नाही आहोत. 'तू ये' म्हणत नाहीये. फक्त कळवतेय."

भांडण वगैरे काही झालं नाही. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलं. म्हणजे दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं, पुन्हा कोर्टात जाऊन "होय, अजूनही हेच हवंय" म्हणायचं, की संपलं. मुलगी आईकडे राहणार, यावर माझं काही म्हणणं नव्हतं. मी प्लांटवर जाणारा माणूस, पोरीच्या वेण्या कोण घालणार? मला फक्त आठवड्यातून एकदा फोनवर तिच्याशी बोलायचं होतं.

आणि इथे मी माझं डोकं चालवलं.

मी इंजिनिअर. कंपनीत टेंडरची स्पेसिफिकेशनं लिहायचं काम माझ्याकडे. एका शब्दावरून कंत्राटदाराला महिनाभर फेऱ्या मारायला लावल्या आहेत मी. त्यामुळे संमतीच्या अटींचा मसुदा वकिलांनी समोर ठेवला, तेव्हा माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. मसुद्यात होतं, दर रविवारी सायंकाळी पाच ते सहा या वेळेत वडिलांनी मुलीशी दूरध्वनीवर बोलावं.

"रविवार नको," मी म्हणालो. "रविवारी मला ड्यूटी असते. 'साप्ताहिक सुट्टीचा दिवस' असं घाला."

वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाची सुट्टी?"

"अहो, घरची! आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे."

"मग शुक्रवारच लिहू की."

"नको हो. उद्या मी दुसऱ्या देशात गेलो तर? शब्द कसा, कुठेही लागू पडला पाहिजे."

वकिलांनी खांदे उडवले आणि खोडून लिहिलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बायकोनेही सही केली. तिने ते वाक्य दोनदा वाचलेलं मी पाहिलं. मला वाटलं, भाषा आवडली.

सहा महिन्यांनी हुकूम झाला. कुवेतला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी मी बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, फोनचं कार्ड आणलं. भारतातले पाच म्हणजे आमचे अडीच. बरोबर अडीचला फोन लावला.

"आज शुक्रवार आहे," बायको म्हणाली. म्हणजे आता बायको नसलेली बायको.

"हो ना. सुट्टी."

"तुझी. तिची शाळा होती, आता क्लास आहे. सुट्टी रविवारी असते."

"अगं, पण आपल्याकडे रविवार म्हणजे—"

"आपल्याकडे म्हणजे कुठे?"

ती शांतपणे पुढे म्हणाली, "हे बघ, तू मनाला येईल तेव्हा फोन करतोस, 'पुढच्या महिन्यात येतो' म्हणून सांगतोस. मग ती दारात बसून राहते. मला ते निस्तरावं लागतं. एक दिवस, एक वेळ. ऑर्डर तूच लिहून घेतलीस ना?"

ती खोटं बोलत नव्हती, हाच मोठा त्रास होता.

रविवारी अडीच ते साडेतीन मी प्लांटवर असायचो. तिथे मोबाइल गेटवर जमा करावा लागे, आणि ऑफिसातल्या फोनवरून देशाबाहेर कॉल लागत नसे. एका रविवारी दातदुखीचं नाटक करून लवकर निघालो. गाल धरून, कण्हत कण्हत घरी पोचलो आणि फोन लावला. सासूबाईंनी उचलला. "जावईबापू, ती वाढदिवसाला गेलीय हो. मागच्या चार रविवारी वाट बघून बसली होती. आज म्हटलं, जा." घटस्फोट त्यांना कळला होता, पण त्यांच्या जिभेला कळला नव्हता. पुढच्याच आठवड्यात माझा दात खरोखर दुखायला लागला आणि मुदीरने, म्हणजे साहेबाने, सुट्टी दिली नाही.

तोवर मी फ्लॅट सोडून कोकणातल्या एका सुताराबरोबर खोली घेतली होती. माझी कथा ऐकून तो हसून हसून आडवा झाला. "तुमचो आयतवार शुक्रवारी येता, मगे खरो आयतवार खंय जाता?"

"कोर्टात," मी म्हणालो.

आणि खरोखरच तो कोर्टात गेला. मी हुकुमाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावली. मला वाटायचं, कोर्टाचा हुकूम म्हणजे बटण. दाबलं की दिवा लागतो. वकील म्हणाले, "साहेब, दिवा लावायला वेगळा अर्ज असतो." तो अर्ज केला. तारखा पडू लागल्या. एकदा मी इजाजा, म्हणजे रजा, काढून विमानाने गेलो, तर न्यायाधीशच रजेवर. दुसऱ्यांदा गेलो, तर वकिलांचा संप. तिसऱ्यांदा सगळे हजर होते, तर समोरच्या वकिलांनी उभं राहून सांगितलं, "माझे पक्षकार दर रविवारी मुलीला फोनजवळ बसवतात. फोन येत नाही. हुकुमाचा भंग होत असेल, तर तो कोण करतंय?"

न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही इंजिनिअर आहात?"

"होय, मॅडम."

"हे वाक्य तुम्ही घालायला लावलंत?"

"होय."

त्यांनी ते पुन्हा वाचलं. "कुणाची सुट्टी?"

सबंध कोर्टात माझ्याशिवाय सगळ्यांना हा प्रश्न सुचत होता. दरखास्त चालवणारं कोर्ट हुकुमातल्या शब्दांच्या पलीकडे जाऊ शकत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. शब्द बदलून हवा असेल तर वेगळा अर्ज करा. म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या खिडकीसमोर रांगेत उभा होतो. मुलीला तेवढ्यात चष्मा लागला होता. मला तो फोटोत दिसला.

वेगळा अर्ज केला. त्यालाही त्याचं वय जगावं लागलं. शेवटी समुपदेशक बाईंच्या खोलीत आम्ही दोघं लाकडी बाकावर बसलो, तेव्हा खरी पाचर कुठे बसलीय ते मला कळलं. शुक्रवारी मुलीला शिकवणी, शनिवारी शिकवणी, रविवारी मला ड्यूटी.

"गुरुवार घे," बायकोच म्हणाली. "तुझी सुट्टी असते ना गुरुवारी? मी तिचं तबला-बिबला दुसऱ्या दिवशी करते. पण आता तरी फोन कर."

"गुरुवार असंच लिहा," मी लगेच म्हणालो. "स्पष्ट. गुरुवार." आयुष्यात पहिल्यांदाच मी शब्दाशी खेळलो नाही.

काही गुरुवार आम्हाला मिळाले. ते मी अजून पुरवून पुरवून आठवतो. सुरुवातीला मुलगी नुसती "हं", "बरं", "ठीक" म्हणायची. मला काय विचारावं कळत नसे, मी हवामान सांगायचो. कुवेतचं हवामान, म्हणजे ऊन. एकदा म्हणाली, "बाबा, तू दर वेळी ऊनच सांगतोस." मग हसली. मग शाळेत बाई बेडूक कापून दाखवणार होत्या तेव्हा वर्गातून पळून गेल्याचं तिने सांगितलं. मग एका मैत्रिणीशी अबोला धरल्याचं सांगितलं आणि म्हणाली, "आईला सांगू नकोस." त्या रात्री मी सुताराला माझ्या पैशाने बिर्याणी खाऊ घातली.

आणि मग सरकारने सुट्टी बदलली. गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवार. साऱ्या देशाला आनंद झाला. बँका, व्यापार, जगाशी व्यवहार, सगळं म्हणे सोपं होणार. गुरुवार कामाचा झाला.

मी बायकोला फोन करून सांगितलं.

"सरकारने बदलली?"

"हो."

"सुट्टी?"

"हो गं."

"तुला यापेक्षा बरं काही सुचलं नाही का?"

तिची चूक नव्हती. आमच्या संसारभर मी दिलेल्या कारणांमध्ये हे सगळ्यांत अशक्य होतं, आणि नेमकं तेवढंच खरं होतं. पुरावा म्हणून मी वकिलांना वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. मथळा मोठा दिसावा म्हणून अरबी वर्तमानपत्राचं. वकिलांचा फोन आला, "साहेब, हे उलटं धरायचं की सुलटं?" त्याचा प्रमाणित अनुवाद लागणार होता. मग प्रतिज्ञापत्र. मग तारीख. मधे एकदा मुलीनेच सासूबाईंच्या मोबाइलवरून मिस्ड कॉल दिला. मी सुटल्यावर उलटा फोन केला, तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "या गुरुवारी पण फोन का नाही केलास तू?" मी सरकार, सुट्टी, कात्रण असं सगळं सांगू लागलो. ती म्हणाली, "असू दे." हे "असू दे" मी ओळखलं. तिच्या आईचं होतं.

मग दहावी आली, मग बारावी. "परीक्षा होऊ दे, मग बघू," असं बायको म्हणाली, आणि त्यातही तिचं चुकलं नाही.

एक दिवस वकिलांनी कळवलं, मुलगी सज्ञान झाली, सबब अर्ज निकाली. आता तिच्याशी बोलायला हुकूम लागत नाही, कुठल्याही वारी, कितीही वाजता बोला. "अभिनंदन, साहेब," असंही म्हणाले. मला वाटतं, मनापासून.

त्याच शुक्रवारी अडीचला मी फोन लावला. तिच्या स्वतःच्या मोबाइलवर. मुद्दाम अडीचलाच. मोठ्या बाईसारखा आवाज आला, "हॅलो?"

"ओळख बघू," मी म्हणालो. "आज रविवारचा शुक्रवार आहे."

"कोण बोलतंय?"

"अगं, बाबा."

"अच्छा, बाबा." मग थोडं थांबून, पाहुण्यांशी बोलतात तशा स्वरात तिने विचारलं, "कसे आहात तुम्ही?"

तू नाही. तुम्ही.

मी म्हणालो, "बरा आहे. इकडे ऊन फार आहे."

"हो का," ती म्हणाली. "काळजी घ्या."