अण्णाच्या खोलीतल्या दोन खुर्च्या

फोन आला तेव्हा मी बन्नूरला होतो. तिथली एक जुनी भातगिरणी पाडायला काढली होती आणि तिच्या सागवानी तुळयांवर माझा डोळा होता. भावात मालक खाली यायला तयार नव्हता, मी वर जायला. अशा वेळी मी फोन घेत नाही. पण वहिनींचं नाव दिसलं आणि हात थांबला... निवडणुकीनंतर त्या घरातून आलेला हा पहिलाच फोन. मला वाटलं, अण्णानं शेवटी माघार घेतली, आणि स्वतःला बोलवत नाही म्हणून बायकोला पुढं केलंय. मी मुद्दाम कोरडं "हं" म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे गेले. फिरून आले, चप्पल काढायला पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत." म्हैसूरपर्यंतच्या रस्त्यात मला रडू आलं नाही. राग आला. ज्यानं मला एक उत्तर द्यायचं होतं, तो ते न देताच निघून गेला होता.

माझा थोरला भाऊ राज्यशास्त्राचा प्राध्यापक होता. आम्ही पिढ्यान्पिढ्या म्हैसूरचेच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, भांडताना दोन्ही. वडील गेले तेव्हा अण्णा शिष्यवृत्तीवर कॉलेजात शिकत होता आणि मी शाळेत. मी शाळा सोडली, लाकडाच्या वखारीत फळ्या उचलायला लागलो, आणि पुढं पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या विकत घेऊन विकण्याचा स्वतःचा धंदा उभा केला. तो शिकत गेला, शिकवत गेला. त्याच्या हाताखालून गेलेले अधिकारी झाले, पत्रकार झाले, दोघेतिघे आमदारही झाले. विजयनगरात त्यानं घर बांधलं तेव्हा एकूण एक चौकट माझ्या वखारीतून गेली. वर कोडगूतल्या एका बंगल्यातून आणलेल्या दोन हातांच्या खुर्च्या दिल्या. एक भक्कम, दुसरी जरा कुरकुरणारी. भक्कम त्यानं स्वतःला ठेवली, कुरकुरणारी समोर मांडली.

त्या खुर्च्यांवर त्यानं सगळी हयात काढली म्हटलं तरी चालेल. कुणी वाद घालायला आलं की तो शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. मग उठायचा. "आयतु. झालं तुझं. आता खुर्ची बदल." मग त्या माणसानं अण्णाच्या खुर्चीत बसून विरोधकाची बाजू मांडायची, तीही विरोधक 'हो, हेच माझं म्हणणं' म्हणेल अशी. ते जमेपर्यंत अण्णा स्वतःचं मत सांगायचा नाही. पीएचडीची मुलं त्या खोलीत घाम पुसत बसलेली मी पाहिली आहेत. एकदा कॉलेजात संप झाला. संस्थेचे एक बडे पदाधिकारी घरी आले, तर यानं त्यांना संपकरी मुलांची बाजू मांडायला बसवलं! दुसऱ्या दिवशी मुलांच्या पुढाऱ्याला संस्थेची. दोघंही लाल होऊन बाहेर पडले. संप आठवड्याभरात मिटला, आणि अण्णा प्राचार्य व्हायचा राहिला तो कायमचाच.

मला मात्र त्यानं कधी खुर्ची बदलायला लावली नाही. मी तावातावानं आलो की म्हणायचा, "तू सुम्ने बस. तुझ्या डोक्यात आधीच वाफ आहे." मी गप्प बसायचो, वहिनी कॉफी आणायच्या. माझा स्वभाव त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. म्हणूनच पुढचं मला विसरता येत नाही.

महापालिकेच्या निवडणुकीत मी अपक्ष उभा राहिलो. वॉर्डातल्या लोकांनी सगळ्या उमेदवारांना एका व्यासपीठावर आणलं आणि अध्यक्ष म्हणून अण्णाला बसवलं. मी खुशीत होतो. अण्णानं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : "तुमच्या विरोधकाला मत का द्यावं, ते त्याला पटेल असं सांगा." पहिला हसला, "ते माझ्या थोरल्या भावासारखे आहेत," म्हणाला, टाळ्या घेऊन सुटला. दुसरा तसाच. मग माझी पाळी. अण्णानं तोच प्रश्न, तोच आवाज... माझं डोकं फिरलं. "अण्णा, हा तुझा वर्ग नव्हे आणि मी तुझा विद्यार्थी नव्हे!" तो शांतपणे कन्नडमध्ये म्हणाला, "उमेदवारांनी उत्तर द्यावं." उमेदवारांनी! मला! मी माईक टेबलावर आपटला आणि खाली उतरलो. समोर निम्म्या लोकांचे फोन वर होते. संध्याकाळपर्यंत तो आपटलेला माईक घराघरात पोचला. मी पडलो. त्याच्या घरी जाणं सोडलं.

शोकसभेत प्रत्येक जण म्हणाला, केवढा निःपक्षपाती माणूस. मला बोलायला सांगितलं, मी उठलो नाही. निःपक्षपातीपणा त्याचा होता, किंमत मी मोजली होती.

काही दिवसांनी वहिनींनी पुस्तकं कुठं द्यायची ते विचारायला बोलावलं. सवयीनं मी कुरकुरणाऱ्या खुर्चीत बसलो. वहिनी बघतच राहिल्या. "हेही अगदी असेच बसायचे, तुमच्यासारखे."

"कोण, अण्णा? या खुर्चीत?"

"तुम्ही यायचं सोडलंत तेव्हापासून. रविवार संध्याकाळ झाली की मला त्यांच्या खुर्चीत बसवायचे. म्हणायचे, आता मी तो, तू मी. मग तुमच्यासारखं हात आपटून भांडायचे. शिव्यांसकट."

"अण्णा? शिव्या?"

"कन्नडमधल्यासुद्धा! 'बाकीचे गोड बोलून सुटणार, मला ते जमत नाही, हे तुला ठाऊक होतं. भावासाठी एक प्रश्न गिळला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं?'"

शब्द माझे होते. मी ते कुणापाशीही बोललो नव्हतो.

"मग?"

"मग काय, मला उत्तरच सुचायचं नाही. दर वेळी तुम्ही जिंकायचात. हे म्हणायचे, त्याचं बरोबर आहे."

"बरोबर होतं तर आला का नाही?" माझा आवाज चढला.

"मीही विचारायची. म्हणायचे, गेलो तर त्याला वाटेल माफी मागायला आलो. पण पुन्हा तिथं बसवलं तर मी पुन्हा तोच प्रश्न विचारीन, आणि हे त्याला तोंडावर सांगायचा धीर मला नाही."

मी उठून उभा राहिलो. आयुष्यभर सौदे केले, पण माझं सगळं म्हणणं मान्य करून स्वतःच्या जागेवरून तसूभर न हलणारा माणूस मला भेटला नव्हता. वहिनीही उठल्या. "आयतु," म्हणाल्या, "खुर्ची बदला, भावजी."

भक्कम खुर्चीचे हात त्याच्या कोपरांनी गुळगुळीत झाले आहेत. मी घसा खाकरला. "माझा सख्खा भाऊ उभा होता, म्हणूनच..."

"हे एवढ्या मोठ्यानं बोलायचे नाहीत," वहिनी म्हणाल्या.

मी आवाज खाली आणला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आता रविवारी मी जातो. वहिनी कुरकुरणाऱ्या खुर्चीत बसून मी होतात, हातसुद्धा आपटतात. मी अण्णा होतो, आणि दर वेळी अण्णा हरतो... कॉफी पिऊन घरी निघालो की वाटेत मला एखादा मुद्दा सुचतो, त्याच्या बाजूचा. तो मी जपून ठेवतो. पुढच्या रविवारी त्याला असा सहजासहजी हरू द्यायचा नाही.